समज, सर्व्हर पाण्यात गेला

रोज सकाळी ऑफिसात आलं की माझं पहिलं काम म्हणजे बॅकअपचा मेल बघणं. तीन सर्व्हर, तीन ओळी, तिन्हींपुढे 'यशस्वी'. चार वर्षं मी हा मेल उघडायचो, वाचायचो आणि बाजूला टाकायचो. शेवटी शेवटी तर उघडणंही सोडलं होतं. विषयाच्या ओळीत 'अयशस्वी' नाही ना, एवढंच बघायचो.

एका शुक्रवारी दुपारी विभागप्रमुख मॅडम माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "समज, काल रात्री सर्व्हर रूममध्ये पाणी शिरलं. रॅकमधलं सगळं गेलं. अडगळीत तो जुना सर्व्हर पडलाय ना, त्यावर सोमवारी सकाळी मला फाइल सर्व्हर चालू दिसला पाहिजे. चालू सर्व्हरना हात लावायचा नाही. फक्त बॅकअप वापरायचा."

"चालेल की. दोन तासांचं काम आहे."

"बॅकअप कुठे असतो आपला?"

"एनएएसवर."

"आणि एनएएस कुठे असतो?"

एनएएस, म्हणजे नेटवर्कवरून वापरायचा डिस्कांचा डबा, त्याच रॅकमध्ये, फाइल सर्व्हरच्या बरोबर खाली होता. म्हणजे पाणी आधी त्यालाच लागलं असतं. मॅडम जराशा थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं, या वेळेपुरता एनएएस वाचला असं धरू." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

आमची मांडणी तशी साधी. दोन डोमेन कंट्रोलर (सगळ्यांची ओळख पटवणारे), एक फाइल सर्व्हर, एक एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेसचा). बॅकअपच्या मेलमध्ये तीनच ओळी का, तर दुसऱ्या डोमेन कंट्रोलरचा बॅकअप घ्यायची गरज कुणाला वाटली नव्हती. पहिल्याची प्रत त्यावर असतेच की! बॅकअपसाठी विंडोजबरोबर फुकट येणारं 'विंडोज सर्व्हर बॅकअप'. २००८च्या आवृत्तीत जुन्या एनटीबॅकअपच्या जागी आलं ते हे. विकतचं सॉफ्टवेअर असतं तर सोपं गेलं असतं का? थोडंफार गेलं असतं. पण पुढे ज्या ठेचा मी खाल्ल्या, त्यांतल्या निम्म्याअधिक कुठल्याही सॉफ्टवेअरच्या वाटेवर पडलेल्याच असतात.

पहिली ठेच तर बॅकअप उघडताच लागली. माझ्या डोक्यात पक्कं होतं की एनएएसवर महिनाभराच्या रोजच्या प्रती आहेत. प्रत्यक्षात होती एकच, आदल्या रात्रीची. विंडोज सर्व्हर बॅकअप नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये लिहितो तेव्हा दर वेळी आधीची प्रत पुसून नवी लिहितो. लिहिता लिहिता बिघाड झाला तर जुनीही गेली आणि नवीही नाही, अशी पाळी येऊ शकते. सर्व्हरला जोडलेली स्वतंत्र डिस्क त्याच्या ताब्यात दिली की मात्र तो शॅडो कॉपीच्या (डिस्कच्या त्या त्या क्षणाच्या प्रतीच्या) आधारे अनेक दिवसांच्या प्रती सांभाळतो. हे बॅकअप लावताना विझार्ड स्पष्ट सांगतो. मी 'पुढे' दाबलं असणार.

दुसरी ठेच जास्त लाजिरवाणी. पेन ड्राइव्हवर विंडोज सर्व्हरचं इन्स्टॉलेशन घेतलं, त्यावरून जुना सर्व्हर उठवला, 'रिपेअर युवर कॉम्प्युटर'मधून 'सिस्टम इमेज रिकव्हरी'पर्यंत गेलो आणि उत्तर आलं की इमेज, म्हणजे अख्ख्या सर्व्हरची प्रत, सापडत नाही. केबल तपासली, डिस्क दुसऱ्या पोर्टला लावली, पुन्हा तेच. शेवटी दुसऱ्या यंत्रावर 'डब्ल्यूबीअ‍ॅडमिन गेट व्हर्जन्स' ही आज्ञा चालवून बघितली. तिच्या उत्तरात एक ओळ असते, या प्रतीतून काय काय परत आणता येईल याची. पूर्ण बॅकअप असेल तर तिथे व्हॉल्यूम, फाइल्स, अ‍ॅप्लिकेशन्स, बेअर मेटल रिकव्हरी (रिकाम्या यंत्रावर उभारणी), सिस्टम स्टेट (विंडोजची स्वतःची मांडणी) अशी लांब यादी दिसते. माझ्या ओळीत दोनच शब्द होते: व्हॉल्यूम आणि फाइल्स.

म्हणजे चार वर्षं मी सी आणि डी ड्राइव्हमधल्या फाइल्स जपत होतो. सर्व्हर जपतच नव्हतो.

हे कसं झालं ते आठवायला अर्धा तास लागला, आणि आठवल्यावर कुणाला सांगावंसं वाटेना. बॅकअप पहिल्यांदा लावला तेव्हा मी 'फुल सर्व्हर'च निवडलं होतं. तो अडला, कारण रिकव्हरीच्या छोट्या पार्टिशनवर शॅडो कॉपीपुरती जागा नव्हती. त्याचा नियम असा: ५०० मेगाबाइटपेक्षा लहान व्हॉल्यूमवर किमान ५० मेगाबाइट मोकळे हवेत, ५००पेक्षा मोठ्यावर किमान ३२०. (पार्टिशन जरासं वाढवलं की मोकळ्या जागेची मागणी सहापट होते, हा विनोद कुणी केला कोण जाणे.) तेव्हा घाई होती. मी त्या छोट्या पार्टिशनपुढची खूण काढली, बॅकअप हिरवा झाला, मी घरी गेलो. त्या एका खुणेबरोबर बेअर मेटल रिकव्हरी गेली. विंडोजला बूट करायला लागणारी सगळी पार्टिशनं प्रतीत असतील तरच ती प्रत रिकाम्या यंत्रावर उभी राहू शकते. एक जरी वगळलं तरी उरतो तो फाइल्सचा गठ्ठा.

सोमवारी मॅडमना सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग पुढचा शुक्रवार?"

आठवडाभरात छोटं पार्टिशन दुरुस्त केलं. ते डिस्कच्या सुरुवातीलाच होतं, त्यामुळे जागच्या जागी वाढवता येईना. मग 'रीएजंटसी'ने रिकव्हरी बंद केली, सी ड्राइव्ह थोडा आक्रसला, त्याच्या मागे एक गिगाबाइटचं नवं रिकव्हरी पार्टिशन केलं आणि रिकव्हरी पुन्हा चालू केली. बॅकअपची आज्ञा 'ऑलक्रिटिकल' हा पर्याय घालून नव्याने लिहिली आणि डी ड्राइव्ह वेगळा जोडला. ऑलक्रिटिकल फक्त विंडोजला उठायला लागणारे भाग घेतो. डेटाचं व्हॉल्यूम आपण सांगितल्याशिवाय त्यात येत नाही. आता 'गेट व्हर्जन्स'मध्ये लांब यादी दिसली. त्या यादीचा मी स्क्रीनशॉट काढला, एवढा आनंद झाला होता.

दुसऱ्या शुक्रवारी आधी हिशेब केला. डेटा साधारण २ टेराबाइट. १ गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला फार तर ११० मेगाबाइट जातात. म्हणजे नुसती नक्कल व्हायला पाच तास, आणि हे मध्ये काहीच रखडलं नाही तर. माझे 'दोन तास' कुठून आले होते, देव जाणे. सरावाचं यंत्र चालू नेटवर्कला जोडायचं नव्हतं; त्याच नावाचा, त्याच आयपीचा दुसरा सर्व्हर जागा झाला असता तर सोंग खरं झालं असतं. म्हणून एनएएसवरून यूएसबी डिस्कवर नक्कल रात्रभर लावली आणि कशालाही न जोडलेला एक वेगळा स्विच शोधून ठेवला.

शनिवारी सकाळी डिस्क लावली. इमेज सापडत नाही. आता मात्र घाम फुटला. चूक अगदी बारीक होती: नक्कल करताना मी नीटनेटकेपणाच्या हौसेनं तारखेच्या नावाचं फोल्डर करून त्यात सगळं ठेवलं होतं. 'विंडोजइमेजबॅकअप' हे फोल्डर डिस्कच्या अगदी मुळाशी, त्याच नावानं असावं लागतं. ते वर हलवलं, इमेज दिसली.

मग दुसरा संदेश: इमेज ईएफआयच्या यंत्रावर घेतलेली आहे आणि हे यंत्र बायोस वापरतंय. (यंत्र उठवण्याच्या या दोन पद्धती: बायोस जुनी, ईएफआय किंवा यूईएफआय नवी.) मूळ सर्व्हरची डिस्क ४ टेराबाइटची. २ टेराबाइटच्या पुढची डिस्क पूर्ण वापरायची तर जीपीटी ही नवी विभागणी लागते आणि जीपीटीवरून विंडोज उठवायचं तर यूईएफआय लागतं. जुन्या यंत्रात यूईएफआय होतं, पण माझा पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने उठत होता. बूट मेनूत एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढे 'यूईएफआय' लिहिलेला. मी पहिला निवडला होता. दुसरा निवडला.

आता इमेज दिसत होती, पण ती ठेवायला डिस्कच दिसेना. रेड कंट्रोलरचा (अनेक डिस्का एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर रिकव्हरीच्या छोट्या विंडोजमध्ये नव्हता. 'लोड ड्रायव्हर' आहे, त्याला आयएनएफ फाइल दाखवायची, सोपं आहे. ड्रायव्हर कुठे? आमच्याकडे सगळे ड्रायव्हर व्यवस्थित, यंत्रानुसार लावून ठेवलेले आहेत. फाइल सर्व्हरवर. 'सॉफ्टवेअर' नावाच्या फोल्डरमध्ये.

मी खुर्चीत मागे रेललो. ज्या घरात शिरायचंय त्याच घरात किल्ली, असा प्रकार. पुढच्या महिनाभरात ही किल्ली मला इतक्या वेगवेगळ्या खिशांत सापडली की शेवटी मी त्यांची यादीच करायला घेतली. पण त्या दिवशी वाट निघाली. विंडोज सर्व्हर बॅकअपची इमेज म्हणजे शेवटी व्हीएचडीएक्स फाइल असते, अख्खी डिस्क एका फाइलीत, लांबलचक आकड्या-अक्षरांच्या नावाची. ती कुठल्याही विंडोज लॅपटॉपवर डिस्क मॅनेजमेंटमधून जोडता येते. जोडताना 'रीड-ओन्ली'वर खूण करायची, नाहीतर आपल्याच बॅकअपवर लिहून बसाल. जोडली, आतून ड्रायव्हर काढला, पेन ड्राइव्हवर टाकला. या युक्तीनं पुढे एकेकटी फाइल काढायलाही खूप साथ दिली.

ड्रायव्हर मिळाला, डिस्क दिसली आणि संदेश आला की सिस्टम डिस्क परत आणण्याजोगी डिस्क सापडत नाही. मूळ डिस्क ४ टेराबाइटची, अडगळीतल्या यंत्रात २ टेराबाइटच्या दोन. सी ड्राइव्ह १५० गिगाबाइटचा आणि त्यात वापरलेली जागा निम्मी, हे सगळं खरं. पण हा रिकव्हरी विझार्ड आत किती भरलंय ते बघत नाही, मूळ डिस्क केवढी होती ते बघतो. नवी तेवढी किंवा मोठीच हवी. दोन्ही डिस्का रेडमध्ये जोडून एक केल्या. जमेल असं वाटलं, काही मेगाबाइटनं कमी पडली. शेवटी दुसऱ्या विभागाकडून मोठी डिस्क उसनी आणेपर्यंत शनिवार संपला.

रविवारी सकाळी रिस्टोअर लावलं. सव्वापाच तास. हिरवी पट्टी सरकताना बघत बसण्याइतकं निरर्थक आणि तरीही सोडवत नाही असं काम दुसरं नसेल. शंभर टक्के, रीस्टार्ट, विंडोजचं गोल फिरणारं चक्र आणि निळा पडदा: 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. रिकव्हरीच्या छोट्या विंडोजला ड्रायव्हर दिला होता, पण परत आलेल्या मोठ्या विंडोजला या कंट्रोलरची ओळखच नव्हती. पुन्हा पेन ड्राइव्हवरून उठवलं, कमांड प्रॉम्प्ट उघडला आणि 'डिसम'च्या 'अ‍ॅड-ड्रायव्हर'ने तो ड्रायव्हर झोपलेल्या विंडोजच्या आत घातला. इथे एक सावधगिरी: रिकव्हरीत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात. माझा सी तिथे ई झाला होता. आधी 'डिस्कपार्ट'मध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम' करून बघावं, मग आज्ञा द्यावी.

दुपारी चार वाजता लॉगिनचा पडदा आला. मी एकटाच होतो, तरी टाळी वाजवली.

डोमेनचा अ‍ॅडमिन टाकला. उत्तर: लॉगिन सर्व्हर उपलब्ध नाही. बरोबरच होतं, डोमेन कंट्रोलर पाण्यात होते. मग सर्व्हरचा स्वतःचा, लोकल अ‍ॅडमिन. त्याचा पासवर्ड पासवर्डच्या तिजोरीत, आणि तिजोरीची फाइल कुठे, हे आता सांगायला नकोच. नशीब असं की विंडोज पूर्वी लॉगिन केलेल्या मोजक्या लोकांची ओळख स्वतःपाशी जपून ठेवतं. मी त्या सर्व्हरवर महिन्यापूर्वी लॉगिन केलं होतं, नेटवर्क नसतानाही त्यानं मला ओळखलं. आत गेलो.

आत गेल्यावर नेटवर्क कार्ड नवं, त्याचं नाव 'इथरनेट ४', आयपी रिकामा. जुना आयपी द्यायला गेलो तर विंडोज म्हणतं, हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. ते दुसरं कार्ड म्हणजे पाण्यात गेलेलं, या यंत्रात नसलेलं, पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, अजून जिवंत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगितली आणि ते काढून टाकलं. नेटवर्कचा प्रकार 'पब्लिक' झाल्यानं फायरवॉलनं शेअर (नेटवर्कवर सगळ्यांना उघडी केलेली फोल्डरं) बंद केले होते, ते उघडले. शेअरची नावं आणि परवानग्या मात्र जशाच्या तशा होत्या. शेअरच्या व्याख्या रजिस्ट्रीत राहतात आणि सिस्टम स्टेटबरोबर परत येतात. नुसत्या फाइल्स एक्सप्लोररनं ओढून नवा सर्व्हर केला असता तर कुणाला कुठलं फोल्डर उघडतं हे ठरवताना आठवडा गेला असता.

सोमवारी मॅडमना पडदा दाखवला. त्यांनी स्वतःच्या नावानं शेअर उघडायचा प्रयत्न केला. उघडला नाही. "डोमेन कंट्रोलर नाही ना," मी म्हटलं. "म्हणजे चालू नाही," त्या म्हणाल्या.

खरं तर सुरुवातच डोमेन कंट्रोलरपासून करायला हवी होती. नावं तोच सोडवतो, ओळख तोच पटवतो, आमच्याकडे आयपीही तोच वाटतो. इतरांच्या बॅकअपमध्ये सगळं असलं तरी ओळखीचं पान त्याच्याकडे. आणि इथे माझा एक जुना गैरसमज उघडा पडला, दोन डोमेन कंट्रोलर आहेत म्हणजे एक दुसऱ्याचा बॅकअप आहे हा. दोन्ही एकमेकांशी सतत जुळवून घेतात. एकावर चुकून काही पुसलं की दुसराही इमानदारीनं पुसतो. २०१७च्या जूनमध्ये नॉटपेट्या हे विध्वंसक सॉफ्टवेअर पसरलं तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातले डोमेन कंट्रोलर एकदमच गेले. वाचला तो घानामधला एक, कारण नेमक्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो बंद पडलेला होता. एवढ्या मोठ्या कंपनीची ओळखवही वीज गेल्यामुळे वाचली. ही गोष्ट मी आधी वाचली होती, मित्रांना रंगवून सांगितलीही होती. आमचे दोन्ही कंट्रोलर एकाच रॅकमध्ये आहेत हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला डोमेन कंट्रोलर उभा केला. डिस्क लहान, वाट आता माहीत, तासाभरात लॉगिनचा पडदा. पण लॉगिनच्या आधी विंडोज वीस मिनिटं नुसतं थांबून राहिलं. आत गेल्यावर डीएनएसच्या (नावांवरून पत्ते शोधणाऱ्या सेवेच्या) नोंदीत ४०१३ क्रमांकाची घटना: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं, म्हणजे डोमेनच्या ओळखवहीचं, पहिलं जुळवणं पूर्ण होण्याची वाट बघतोय. जुळवणार कुणाशी? सोबत्याशी. सोबती पाण्यात. 'नेट शेअर' चालवलं तर सिसव्हॉल आणि नेटलॉगन हे कंट्रोलरचे ठरलेले शेअर दोन्ही गायब. तेही सोबत्याची वाट बघत होते. परत आलेला कंट्रोलर नम्र असतो. आपल्याकडचं शिळं असेल, दुसऱ्याकडचं ताजं असेल असं धरून चालतो. सगळंच गेलं असताना त्याला ठणकावून सांगावं लागतं की आता तूच खरा. सिसव्हॉल 'अधिकृत' म्हणून जाहीर करायचं, त्यासाठी ते जुळवणाऱ्या डीएफएसआरच्या ऑप्शन्समध्ये १ घालायचा आणि गेलेल्या सोबत्याच्या नोंदी डिरेक्टरीतून साफ करायच्या. ते केल्यावर तो ताठ उभा राहिला.

डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोअर मोडचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता, हेही त्याच दिवशी कळलं. नुसती सिस्टम स्टेट परत आणायची किंवा चुकून पुसलेला विभाग जिवंत करायचा तर त्या मोडमध्ये जावं लागतं आणि तिथे डोमेनचा नव्हे, हा वेगळाच पासवर्ड चालतो. तो कंट्रोलर तयार केला त्या दिवशी कुणीतरी टाइप केला आणि विसरून गेला. कंट्रोलर जिवंत असेपर्यंत 'एनटीडीएसयूटिल'ने तो बदलता येतो, म्हणून सोमवारी पहिलं काम ते केलं. आणखी एक मुदत लक्षात ठेवण्यासारखी: पुसलेल्या वस्तूंच्या खुणा डिरेक्टरी साधारणपणे १८० दिवस ठेवते. त्याहून जुना कंट्रोलरचा बॅकअप परत आणण्याच्या लायकीचा नसतो. वर्षानुवर्षांच्या प्रती साठवून ठेवण्याला इथे अर्थ नाही.

मग फाइल सर्व्हर त्याच वेगळ्या स्विचवर त्याच्या शेजारी उभा केला. ओळख पटेना. एका यंत्राची घड्याळाची बॅटरी मेलेली, तारीख तीन वर्षं मागे. ओळख पटवणाऱ्या कर्बरॉसला साधारण पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपत नाही. घड्याळ लावलं. तरी पटेना: डोमेनशी असलेला विश्वासाचा धागा तुटला आहे. यंत्रं दर ३० दिवसांनी आपला पासवर्ड स्वतःच बदलतात आणि माझा फाइल सर्व्हर मागच्या आठवड्यातला होता, कंट्रोलर कालचा. नेमका त्या मधल्या दिवसांत बदल झालेला. 'टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल'ला 'रिपेअर' जोडून चालवलं, धागा जुळला. मॅडमनी शेअर उघडला. उघडला!

एसक्यूएल सर्व्हरची गोष्ट छोटी आहे. इमेज व्यवस्थित उभी राहिली, डेटाबेसही सुस्थितीत, कारण व्हीएसएस हा शॅडो कॉपी घेणारा भाग इमेज घेण्याआधी एसक्यूएलच्या रायटरला (लिहिणं थोपवून धरणाऱ्या भागाला) क्षणभर थांबायला सांगतो. पण ती रात्री ११ची अवस्था. सकाळपासून संध्याकाळपर्यंतच्या नोंदी कुठे? दुपारी पाचला पाणी शिरलं तर दिवसभराचं काम गेलं. म्हणून रिकव्हरी मॉडेल 'फुल' करून दर १५ मिनिटांनी लॉगचा (प्रत्येक बदलाच्या नोंदवहीचा) बॅकअप दुसऱ्या जागी जाईल असं लावलं. इमेज सर्व्हर परत आणते, लॉग दिवस परत आणतो. बॅकअपआधी 'व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स' बघायची सवयही इथूनच लागली. एखादा रायटर 'स्टेबल' सोडून दुसरं काही म्हणत असेल तर त्या रात्रीच्या 'यशस्वी'वर मी विश्वास ठेवत नाही.

दरम्यान एनएएसचाही विचार झाला. आमचा एनएएस डोमेनमध्ये होता, म्हणजे डोमेन अ‍ॅडमिनचा पासवर्ड ज्याच्या हाती लागेल तो सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही एका बैठकीत संपवू शकला असता. खंडणीखोर सॉफ्टवेअर तर आत शिरलं की बहुतेकदा शॅडो कॉपी पुसण्याची आज्ञा आधी चालवतं, फाइल्सना नंतर हात लावतं. एनएएस डोमेनबाहेर काढला, त्याला स्वतःचं वेगळं खातं दिलं. शिवाय दोन यूएसबी डिस्का आणल्या. एक सर्व्हरला जोडलेली, दुसरी इमारतीबाहेर, दर शुक्रवारी अदलाबदल. बाहेर जाणारी डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद. तिची ४८ आकडी किल्ली आपोआप अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत जतन झाली आणि मी दोन दिवस त्यावर खूश होतो. मग आंघोळ करताना लक्षात आलं की ती डिस्क उघडायची वेळ येईल तेव्हा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी त्या डिस्कच्या आत असेल.

ती किल्ली कागदावर छापली. तिथून कागद वाढत गेले. कुठल्या सर्व्हरचं फर्मवेअर कुठल्या मोडमध्ये, डिस्क केवढी, रेड कुठलं, आयपीचा तक्ता, उभं करायचा क्रम, बंद पाकिटात पासवर्ड. ड्रायव्हर आणि इन्स्टॉलेशनचे पेन ड्राइव्ह वेगळे, नाव चिकटवलेले. एका सहकाऱ्यानं विचारलं, "हे सगळं शेअरवर का नाही ठेवत, कागद कशाला?" मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. सगळ्याची लाल रंगाची एक फाइल झाली आणि तिची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कबरोबर गेली.

चौथा सराव सुरळीत झाला. कंट्रोलर, मग फाइल सर्व्हर, मग एसक्यूएल; शनिवारी सकाळी आठला बसलो ते संध्याकाळी सहाला तिन्ही उभे, आणि त्यातला बहुतेक वेळ नक्कल सरकण्यात गेलेला. मी मॅडमना जरा ऐटीतच सांगितलं.

"छान," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला समज, तूही पाण्यात गेलास."

पाचव्या सरावाला लाल फाइल घेऊन बसला तो सहा महिन्यांपूर्वी लागलेला मुलगा. मी बाहेर. फोन उचलायचा नाही, निरोपाला उत्तर द्यायचं नाही, अशी अट. पहिले दोन तास शांतता. अकरा वाजता निरोप आला, "दादा, ड्रायव्हरचा पेन ड्राइव्ह सापडत नाही." मी उत्तर दिलं नाही. साडेअकराला फाइलमधल्या पानाचा फोटो आला. माझ्याच अक्षरात ठळक लिहिलं होतं: 'ड्रायव्हरचा पेन ड्राइव्ह नेहमीच्या जागी'. त्याखाली त्यानं पेन्सिलीनं एक भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं.

त्यानं इमेज लॅपटॉपवर जोडून ड्रायव्हर काढला. ती युक्ती फाइलमध्ये होती. रात्री आठला तिन्ही सर्व्हर उभे राहिले. सोमवारी आम्ही दोघं फाइल घेऊन बसलो. मी 'नेहमीच्या जागी' खोडून 'लोखंडी कपाट, वरचा डावा खण' लिहिलं. त्यानं वाचलं, पेन मागून घेतलं आणि त्याखाली कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते लिहिलं.